सरांच्या सहीची पत्रं

डॉ. गोपाळकृष्ण मुळ्ये यांना कुणी भेटायला येऊ नये, असा त्यांचा दंडक होता. काय असेल ते लिहून पाठवावं. मुंबईचा मोठा कारखानदार असो, नाहीतर मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला सुपरवायझर, सगळ्यांना एकच उत्तर मिळे. "बोलताना माणूस स्वतःची बाजू मांडतो. लिहायला बसला की त्याला विचार करावा लागतो. तेव्हा लिहा."

सरांनी आयुष्यभर मुंबईत व्यवस्थापनशास्त्र शिकवलं होतं. यंत्रांपेक्षा यंत्रांपाशी उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल त्यांनी जास्त लिहिलं, आणि ती पुस्तकं देशभरच्या कंपन्यांतून वाचली जात. निवृत्त झाल्यावर ते आणि मालिनीकाकू रत्नागिरीला, थिबा राजवाड्याच्या बाजूला बांधलेल्या घरात राहायला आले. टपाल मागोमाग आलंच. जमशेदपूरहून, कोईमतूरहून, कधी नैरोबीहूनसुद्धा. पोस्टमन रोज दुपारी गड्डा आणून ओटीवर ठेवायचा आणि पाणी पिऊन जायचा.

कुलसुम होडेकर १९९८ साली त्यांच्याकडे कामाला लागली. ती रत्नागिरीतल्याच राजिवड्याची. नवरा करीम मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये होता, वर्षातून एकदा घरी यायचा. मूलबाळ नव्हतं. इंग्रजी-मराठी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, आधी एका वकिलांकडे काम केलेलं. सर येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे, ती टाईप करायची. पहिल्या महिन्यातच सरांच्या लक्षात आलं की ही बाई नुसती बोटं चालवत नाही. वाक्य चुकलं तर ती थांबते.

"काय झालं?" सर विचारायचे.

"सर, यांनी मुलाला कंपनीत घ्यावं का, असं विचारलंय. तुम्ही कंपनीबद्दल सांगताय."

सर हसले. "बरोबर. माणूस पत्रात एक विचारतो आणि त्याला टोचत असतं दुसरंच. ते दुसरं शोधायचं. तुला दिसतं ते, कुलसुम. सगळ्यांना दिसत नाही."

नंतर नंतर सर नुसतं म्हणायचे, "याला धीर दे," किंवा "याला जरा झापायला हवं," आणि कुलसुम कच्चा मजकूर करून पुढे ठेवायची. सर त्यावर पेन्सिल फिरवायचे. दोन वर्षांत पेन्सिलीच्या खुणा कमी कमी होत गेल्या. तिला त्याचा अभिमान वाटे. घरी जाऊन सांगणार तरी कुणाला? राजिवड्यात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की कुलसुम एका म्हाताऱ्या प्रोफेसराकडे टायपिंग करते.

२००१ साली गणपतींचं विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात काही दिवसांत थोडा हलू लागला, पेन धरता येऊ लागलं. पण बोलणं गेलं. म्हणजे शब्द यायचे, भलतेच यायचे. चष्मा हवा असला की "आगगाडी" म्हणायचे. काकूंना एकदा "समिती" अशी हाक मारली आणि काय चुकलं ते कळल्यासारखं डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, कितपत समजतंय ते सांगता येणार नाही, फार अपेक्षा ठेवू नका.

टपाल येतच होतं. महिनाभर गड्डे तसेच पडून राहिले. मग एका सकाळी काकूंनी कुलसुमला स्वयंपाकघरात बोलावलं.

"अगो, तू उत्तरं लिही. ह्यांना बरं वाटेपर्यंत."

"मी? काकू, कच्चं लिहिणं वेगळं..."

"सगळं तूच तर लिहीत होतीस. मी काय बघत नव्हते? तू लिही, त्यांना वाचून दाखव, ते सही करतील. सही येते त्यांना." काकूंनी पदरानं चेहरा पुसला. "पत्रं यायची बंद झाली ना, तर ते खोलीत पडल्या पडल्या ओळखतील. पोस्टमनची सायकल वाजली की मान वळवतात, पाहिलंस ना? तेवढं तरी राहू दे त्यांना."

कुलसुमनं मान डोलावली. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सुरुवातीला तिनं आभाराची, शुभेच्छांची पत्रं तेवढी उरकली. मग खरे प्रश्न आले आणि त्यांची उत्तरं देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ती सरांच्या जुन्या पत्रांच्या फायली काढून वाचायची, सर काय म्हणाले असते याचा विचार करायची आणि लिहायची. तयार झालेलं पत्र ती सरांच्या खाटेशी बसून मोठ्यानं वाचायची. सर छताकडे बघत ऐकत. वाचून झालं की काकू पाटीवर कागद ठेवून पुढे करीत आणि सर सही करीत. जरा वाकडी, पण त्यांचीच.

उलट टपाली लोक लिहायचे, 'तुमच्या पत्रानं मार्ग दिसला.' दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेतल्या भाषणात सरांचं म्हणून एक वाक्य सांगितलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं. वाक्य कुलसुमचं होतं. तिनं ते कात्रण कापून पर्समध्ये ठेवलं. ठेवताना छातीत काहीतरी फुलून आलं होतं, हे तिला पुढे कितीतरी दिवस विसरता आलं नाही.

जानेवारीत उन्मेष खातूचं पत्र आलं.

हा उन्मेष मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात मॅनेजर होता. तिशीचा मुलगा. घरापासून रिक्षानं पोचता येईल एवढ्या अंतरावर असूनही सरांचा दंडक पाळून गेली दोन वर्षं टपालानं पत्र पाठवायचा. अक्षर सुरेख, भाषा साधी. सरांना तो आवडायचा. या खेपेला त्यानं लिहिलं होतं की कॉम्प्रेसरच्या खोलीपासून गोठवणीपर्यंत जाणारे अमोनियाचे पाईप सडलेत. वास येतो. मालक मुंबईला असतात, हंगाम संपल्यावर बघू म्हणतात. तीनदा सांगून झालं. आता गोव्यातल्या एका कंपनीत चांगली नोकरी मिळते आहे, बायको म्हणते चला. पण मी गेलो तर इथल्या बायकांकडे बघणारं कुणी उरणार नाही. सर, मी जाऊ का राहू?

कुलसुमनं ते पत्र दोनदा वाचलं आणि तिला अलिझा आठवली.

अलिझा तिच्या दिराची मुलगी. एकोणीस वर्षांची, हसरी. गेलं वर्षभर त्याच कारखान्यात पॅकिंगला जात होती. घरी येऊन सांगायची, "चाची, बाकीचे साहेब ओरडतात नुसते. उन्मेषसाहेब आहेत म्हणून बरं. हात गारठले तर गरम पाण्याची बादली तेच ठेवायला लावतात." आपल्या पोरीवर चांगल्या माणसाची नजर आहे, याचा घरात सगळ्यांनाच आधार वाटायचा.

अलिझाला घरी बसवणं हा दुसरा मार्ग होता. तो कुलसुमच्या मनात आला नाही असं नाही. पण पोरीचा बाप, म्हणजे कुलसुमचा दीर, दोन वर्षं अंथरुणाला होता आणि कामावर जायचा हट्ट अलिझाचाच होता. तिला नको सांगणं कठीण होतं. उन्मेषला थांब सांगणं फार सोपं होतं. त्याला तर सांगणारे सर होते.

तिनं फायलीत शोधलं. कानपूरच्या एका चामड्याच्या कारखान्यातल्या मॅनेजरला सरांनी पूर्वी लिहिलं होतं की भला माणूस खुर्ची सोडतो तेव्हा ती रिकामी राहत नाही, तिच्यावर दुसरा कुणीतरी येऊन बसतो. त्या कानपूरच्या माणसाचा प्रश्न बढतीचा होता, सडक्या पाइपांचा नव्हता. हेही कुलसुमला दिसलं. तरी तिनं ते वाक्य उचललं आणि त्याच्याभोवती पत्र बांधलं. फार चांगलं उतरलं. 'तुम्ही तिथे आहात हीच त्या बायकांची सुरक्षा आहे. आत राहून मालकाचं मन वळवा. हंगाम संपेपर्यंत थांबा.'

दुपारी तिनं ते सरांना वाचून दाखवलं. आधी उन्मेषचं पत्र, मग उत्तर. काकूंनी पाटी पुढे केली. सरांनी पेन घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"जा," ते म्हणाले.

"सर?"

"जा. जाऊ... जाऊ दे." त्यांचा चेहरा लाल झाला होता. पाटी त्यांनी डाव्या हातानं ढकलली.

कुलसुम चटकन उठून उभी राहिली. तिला वाटलं सर दमलेत, खोलीतून जा म्हणतायत.

"सकाळपासून असंच चिडचिडं चाललंय," काकू म्हणाल्या. "आण इकडे, पोस्टाची वेळ होईल." त्यांनी सरांच्या बोटांत पेन दिलं आणि मनगटाला आधार दिला. सही झाली. सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पत्र त्याच संध्याकाळी पेटीत पडलं. आठवड्यानं उन्मेषचं चार ओळींचं उत्तर आलं. 'गोव्याला नकार कळवला. मन शांत झालं. आपला ऋणी.'

मार्चमध्ये, भर दुपारी, पाईपाचा सांधा सुटला.

अलिझानं पुढे कितीदा तरी सांगितलं ते असं, की आधी शिट्टीसारखा आवाज आला आणि मग डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. बायका ओरडत पुढच्या दाराकडे धावल्या, वायू तिकडूनच येत होता. उन्मेषसाहेबांनी मागचं दार उघडलं, ओढण्या नि पदर पाण्यात भिजवून तोंडावर धरायला सांगितलं, एकेकीला खांद्याला धरून बाहेर ढकललं. सगळ्या बाहेर आल्या. मग ते परत आत गेले, कारण व्हॉल्व्ह बंद केला नसता तर शेजारच्या वस्तीपर्यंत वायू गेला असता. व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला. बाहेर आले ते लोकांनी उचलून.

कोणी मेलं नाही. बायकांना दोन-तीन दिवसांत हॉस्पिटलमधून घरी सोडलं. उन्मेषला मुंबईला नेलं. दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा उजवा डोळा गेला होता आणि डाव्याला फक्त उजेड-अंधार कळत होता. जिना चढला तरी धाप लागत होती.

मार्चमध्येच, अलिझा हॉस्पिटलमधून सुखरूप घरी आली तेव्हा राजिवड्यात जावेनं आभाराचा फातिहा दिला, शेजारीपाजारी खीर वाटली. कुलसुमच्या हातात वाटी होती. अलिझा तिला बिलगून म्हणाली, "चाची, साहेब नसते ना, तर आम्ही सगळ्या पुढच्याच दारात पडलेल्या सापडलो असतो." कुलसुमनं खीर न चाखताच वाटी खाली ठेवली. पोर जिवंत होती. त्याचा आनंद खरा होता, आणि त्या आनंदाचीच तिला शरम वाटत होती.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर तिनं सरांना पेपरातली अपघाताची बातमी वाचून दाखवली. वाचावी की नाही याचा फार विचार केला नाही, रोजची सवय होती. उन्मेषचं नाव आलं तशी सरांनी मान उचलली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते उशीवर डोकं इकडून तिकडे हलवत राहिले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "जाऊ दे. त्या... त्याला. जाऊ दे."

कुलसुमच्या हातातला पेपर खाली पडला.

त्या दिवशी सर तिला खोलीतून जा म्हणत नव्हते. त्यांनी उन्मेषच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्याला जाऊ दे. शब्द एकदा तरी बरोबर आले होते आणि खोलीतल्या दोघींनी ते ऐकले नव्हते.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनाही कळलं, हे कुलसुमला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्या पडवीत जाऊन झोपाळ्यावर बसल्या, पाय जमिनीला टेकून, झोका न घेता.

"हात मी धरला होता त्यांचा," काकू म्हणाल्या. "तू नुसतं टाईप केलंस."

"टाईप नाही केलं, काकू. लिहिलं."

"तुझ्या मनात वाईट नव्हतं."

"माझ्या मनात अलिझा होती."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. अलिझा कुठे कामाला जाते हे त्यांना माहीत नव्हतं. कुलसुमनं सांगितलं. काकू हळूच म्हणाल्या, "आता हे कुणाला सांगून त्या मुलाचे डोळे परत यायचे नाहीत."

ते खरंच होतं, आणि कुलसुमनं त्यावर दोन महिने काढले. टपालाला उत्तरं देणं तिनं बंद केलं होतं. टेबलाशी बसायची, टाईपरायटरवरचं कव्हर काढायची नि परत घालायची.

मे महिन्यात उन्मेषचं पत्र आलं. अक्षर वेगळं होतं. खाली लिहिलं होतं की हे मी सांगतो आहे आणि पत्नी मनस्विनी लिहिते आहे. मालकांनी हात वर केलेत, पोलीस जबाबाला बोलावतात, पण त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. 'सर, आपण थांबायला सांगितलंत म्हणून मी थांबलो आणि बायका वाचल्या. हे मी स्वतःला सांगतो. पण कधी कधी वाटतं की मी थांबलो म्हणूनच मालक निर्धास्त राहिले. मी राजीनामा तोंडावर फेकला असता तर कदाचित त्यांनी घाबरून पाईप बदलले असते. मी बरोबर केलं ना? एवढंच लिहा. आपण बरोबर म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही.'

"हो लिही," काकू म्हणाल्या. "एका शब्दाचं काम. त्याला आयुष्यभर पुरेल."

कुलसुमनं कागद चढवला. 'प्रिय उन्मेष' लिहिलं. सरांच्या आवाजात पुढची दहा वाक्यं तिच्या डोक्यात तयार होती, एकाहून एक सरस. तिनं कागद ओढून काढला.

"आता नाही जमणार, काकू. मी जाऊन सांगते."

"अगो, ह्यांचं नाव..." काकूंनी वाक्य अर्धवट सोडलं. मग म्हणाल्या, "हात मी धरला, तेही सांग."

उन्मेष आणि मनस्विनी नाचणे गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. कुलसुम पोचली तेव्हा सकाळची कामं चालली होती. मनस्विनीनं दार उघडलं. मुळ्ये सरांकडून आले म्हणताच ती बाजूला झाली, खुर्ची पुसून दिली. उन्मेष खिडकीशी बसला होता. काळा चष्मा. आवाजाच्या दिशेनं उठायला गेला.

"सरांनी माणूस पाठवला?" त्याच्या आवाजातला आनंद ऐकून कुलसुमला वाटलं, इथूनच मागे फिरावं.

ती बसली नाही. उभ्यानं तिनं सगळं सांगितलं. सर सप्टेंबरपासून बोलू शकत नाहीत. तेव्हापासूनची पत्रं माझी. जानेवारीचंही. सही करायला ते तयार नव्हते, काकूंनी मनगट धरलं. माझी पुतणी तिथे पॅकिंगला होती, म्हणून तुम्ही तिथे असावंत असं मला वाटत होतं. सरांचं जुनं वाक्य मी भलत्या जागी वापरलं.

खोलीत कुकरची शिट्टी झाली.

"पुतणीचं नाव?" उन्मेषनं विचारलं.

"अलिझा."

"अलिझा. तिला मी ओढून काढलं. टेबलाखाली बसली होती घाबरून. बरी आहे ना?"

"बरी आहे."

"सर काय म्हणाले होते? सही करत नव्हते म्हणालात ना. काही बोलले?"

हे सांगणं टाळता येण्यासारखं होतं. सरांना बोलता येत नव्हतं एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग इथवर येण्यात काय अर्थ होता?

"जाऊ दे म्हणाले होते," कुलसुम म्हणाली. "त्याला जाऊ दे. आम्हाला तेव्हा कळलं नाही."

उन्मेषनं चष्मा काढला. पापण्या लाल, सुजलेल्या होत्या. तो हसल्यासारखा काहीतरी आवाज करून म्हणाला, "म्हणजे सरांनी उत्तर दिलं होतं."

मनस्विनी पुढे आली. "मी सामान बांधलं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो सहन होत नव्हता. "गोव्याला घर बघून ठेवलं होतं. मी महिनाभर सांगत होते यांना, चला म्हणून. तुमचं पत्र आलं आणि माझ्या बोलण्याला किंमत उरली नाही. मी गप्प बसले. म्हटलं, एवढा मोठा माणूस सांगतोय." तिनं दार उघडून धरलं. "तुमची पोर वाचली, चांगलं झालं. पण तुम्ही आता इथून निघा."

कुलसुम निघाली. रस्त्यावर रिक्षावाल्यानं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू आलं नाही.

त्या आठवड्यात काकू आणि कुलसुमनं एक मजकूर केला आणि सप्टेंबरपासून ज्यांना ज्यांना उत्तर गेलं होतं त्या सगळ्यांना पाठवला. डॉ. मुळ्ये आजारी आहेत, त्या तारखेनंतरची पत्रं त्यांची नाहीत, ती मी लिहिली. खाली कुलसुम होडेकर, आणि मालिनी मुळ्ये. उत्तरं आली तशी वाचवत नव्हती. काहींनी फसवणूक म्हटलं, ते चुकीचं नव्हतं. एका म्हाताऱ्या कारखानदारानं लिहिलं की पत्र कुणाचंही असो, माझ्या मुलाशी माझा अबोला त्यानं सुटला, मी ते परत करणार नाही. दिल्लीचे अध्यक्ष काहीच बोलले नाहीत. सरांच्या निवडक पत्रांचं पुस्तक काढायचं म्हणून मुंबईची एक संस्था तयारी करत होती, तिनं ते काम थांबवलं. काकूंना ते लागलं. पण त्यांनी कुलसुमला शब्दानं दुखवलं नाही.

पोस्टमन हळूहळू रोजचा यायचा थांबला. सर मान वळवायचे, मग वळवेनासे झाले. कुलसुम येत राहिली. सरांना पेपर वाचून दाखवायची, आणि आता ते एखादा शब्द बोलले की थांबायची. तो भलता असला तरी. "आगगाडी?" विचारायची. "चष्मा का? पाणी? खिडकी लावू?" कधी कधी अर्धा तास जाई, तेव्हा कळे. इतके दिवस आपण हे का केलं नाही, हा विचार तिला प्रत्येक वेळी यायचा.

पाऊस संपत आला होता तेव्हा एके दिवशी उन्मेष आणि मनस्विनी घरी आले. न कळवता. काकूंनी त्यांना सरांच्या खोलीत नेलं. उन्मेष खाटेशी बसला, चाचपडत त्यानं सरांचा हात शोधला. सरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ थरथरले, शब्द आला नाही. उन्मेषनं काही विचारलंही नाही.

कुलसुम पडवीत उभी होती. मनस्विनी बाहेर आली आणि तिच्यापासून दोन हात दूर, खांबाला टेकून उभी राहिली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"यांनी केलंय का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

थोड्या वेळानं उन्मेष भिंतीचा आधार घेत बाहेर आला. "कुलसुमबाई आहेत का इथे?"

"आहे."

"कारखाना परत चालू झालाय. रंग दिलाय म्हणे सगळीकडे. पाईप तेच आहेत. तिथला फिटर सदू येऊन सांगून गेला." त्याला धाप लागली, तो थांबला. "कारखाना निरीक्षकांना लिहायचंय. मालकाला आणि कलेक्टरांना प्रती. कुठला सांधा, कुठला व्हॉल्व्ह, मला सगळं तोंडपाठ आहे. मनस्विनी लिहिते, पण माझं बोलणं पसरट होतं. तुम्हाला लिहिता येतं. ते तर मी अनुभवलंय."

त्यात टोमणा होता की नव्हता, कुलसुमला कळलं नाही. असायला हरकत नव्हती.

"सही?" तिनं विचारलं.

"माझी. आणि लिहिणारी म्हणून खाली तुमचं नाव. या वेळी कुणाचं उसनं नको."

टाईपरायटर पडवीत आणला. उन्मेष सांगत होता, ती लिहीत होती. मध्ये एक वाक्य तिला फार नेमकं सुचलं, पण ती टाईपरायटरच्या कळीवर बोट ठेवून थांबली आणि तिनं विचारलं, "तुम्हाला असंच म्हणायचंय का?" त्यानं विचार केला आणि म्हणाला, "नाही. मी म्हटलं तेच राहू दे." तिनं तेच ठेवलं.

डिसेंबरात निरीक्षक येऊन गेले, कॉम्प्रेसरची खोली काही दिवस बंद राहिली आणि गोठवणीकडचे पाईप बदलले. जुन्यातले काही तसेच राहिले, त्यासाठी पुन्हा पत्रं लिहावी लागली. अलिझा तिकडे परत गेली नाही, शिवणाच्या क्लासला जाऊ लागली. उन्मेषला पोलिसांचे हेलपाटे चुकले नाहीत.

कुलसुम दर आठवड्याला नाचण्याला जाते. मनस्विनी दार उघडते, बाजूला होते आणि आत निघून जाते. पाणी विचारत नाही. कुलसुमही कधी अपेक्षा करत नाही. टेबलापाशी बसते, कागद सरळ करते आणि उन्मेष बोलायला लागेपर्यंत थांबते.